पिकलेलं पाणी

पडदा वर जातो. समोर बैठकीची खोली. सोफ्यावरचं प्लास्टिक अजून काढलेलं नाही, फरशीवर सिमेंटचे वाळलेले थेंब तसेच आहेत, आणि मधोमध लोखंडी घोडीवर चार फूट लांबीची काचेची पेटी, रिकामी. पेटीत एक माणूस कमरेपर्यंत वाकलेला. प्रेक्षकांना त्याची फक्त पाठ दिसते आणि दोन अनवाणी पाय. डावा पाय जरा आत वळलेला. पेटीच्या आतून, विहिरीतून यावा तसा आवाज येतो:

"नाटक्या! बादली! मी सांगितलेली बादली, तुझ्या मनातली नव्हे!"

आमच्या नाटक मंडळीत मी चाळीस वर्षं काढली. लॉरीच्या पाठीवर रंगमंच बांधून आम्ही उत्तरेच्या म्झिम्बापासून दक्षिणेच्या न्सांजेपर्यंत देश पालथा घातला. पण अशी पाठ दाखवून एवढं सभागृह भरणारा माणूस मला रंगमंचावर कधी भेटला नाही. तो भेटला लिलोंग्वेत, म्हातारपणी, भिंतीला भिंत लागून. येरेमिया चिकोपा.

त्याची आयुष्यभराची कमाई म्हणजे एक बहिरा कान, एक लंगडा पाय आणि माशांची जाण. सेंगाच्या किनाऱ्यावर तो पाणबुडा होता. आपल्या सरोवरातल्या खडकांत बोटभर लांबीचे रंगीत मासे राहतात, म्बुना. परदेशातले लोक ते दिवाणखान्यात ठेवतात. ते पकडायला येरेमियासारखी माणसं तोंडात नळी धरून साठ-सत्तर फूट खाली जायची. वर नावेत पंप. तो हवा भरतो, हवा नळीतून खाली जाते, माणूस श्वास घेतो आणि हातभर जाळीने मासे गोळा करतो. एकदा तो खोलातून फार घाईने वर आला, रक्तात हवेचे बुडबुडे धरले आणि त्याचा पाय कायमचा अधू झाला. कान त्याच्या आधीच गेला होता. मग तो शहरात आला आणि मोठ्या लोकांच्या घरी काचेच्या पेट्या मांडून द्यायला लागला. म्हणायचा, "आधी मासे घराबाहेर काढायचो, आता घर देतो. हिशेब बरोबर झाला नाही, पण थोडा हलका झाला."

हे सगळं तो हसत सांगायचा. एक गोष्ट मात्र त्याने मला एकदाच सांगितली, तीही भिंतीकडे बघत.

बावीस वर्षांपूर्वी त्याने आपल्या मेहुण्याला, फ्रॅक्सनला, या कामात आणलं. फ्रॅक्सन म्हणजे त्याच्या धाकट्या बहिणीचा, एनेलेसीचा नवरा. एके दिवशी फ्रॅक्सन खाली होता आणि येरेमिया नावेत नळी धरून बसला होता. वरच्या माणसाचं काम एकच, बुडबुड्यांवर नजर ठेवायची. बुडबुडे येतात तोवर माणूस जिवंत. येरेमियाने नजर हलवली नाही. पण मधेच वारा फिरला. इंजिनाचा धूर, जो इतका वेळ मागे जात होता, तो हवा ओढणाऱ्या तोंडावर यायला लागला. तो धूर नळीतून खाली गेला. फ्रॅक्सन तो श्वासात घेत राहिला आणि बुडबुडे येत राहिले. शेवटपर्यंत येत राहिले.

"बुडबुडे चालू होते रे," येरेमिया म्हणाला होता. "म्हणून मी निर्धास्त होतो. माझं सगळं लक्ष पाण्याकडे होतं. वाऱ्याकडे नव्हतं."

मालकाने सांगितलं, माणूस दमला होता, हृदय बंद पडलं. येरेमियाला गप्प राहता आलं असतं. त्याने बहिणीच्या दारात जाऊन खरं सांगितलं. एनेलेसी त्याच्यावर ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. तिची मुलगी तियामिके तेव्हा चार वर्षांची होती. त्या दिवसापासून बहीण भावाशी लागेल तेवढंच बोलायची. त्याने साखर पाठवली तर घ्यायची, "झिकोमो" म्हणायची, म्हणजे आभार, जसं दुकानदाराला म्हणतात. मयताला दोघं एकाच घोळक्यात बसायची आणि मधे एक चटई रिकामी असायची.

आता ती तियामिके मोठी झाली. शिकली, नोकरीला लागली. तिने लिलोंग्वेत आईसाठी हे नवं घर बांधलं आणि तिचं लग्नही ठरलं. आमच्याकडे सोयरीक पक्की करायची म्हणजे दोन्हीकडचे मामा उभे राहतात, मुलीचा मामा कोंबडी देतो, मुलाचा मामा कोंबडा देतो, आणि सगळ्यांसमोर बोलणं होतं. मामाच नसेल तर मुलगी कोणाची? येरेमिया सख्खा मामा. पण एनेलेसीने चुलतभावाला, बोनफेसला, सांगून ठेवलं होतं.

तियामिके आईच्या मागे लागली. शेवटी एनेलेसी फोनवर म्हणाली, "त्याला म्हणावं, फ्रॅक्सन ज्या माशांसाठी खाली गेला, ते माझ्या घरात जिवंत पोहताना दाखव. मग उभा राहा माझ्या मुलीमागे."

तियामिकेने हे सांगितलं तेव्हा मी तिथेच होतो. येरेमियाने चांगला कान तिच्याकडे वळवला आणि पुन्हा सांगायला लावलं. मग विचारलं, "सोयरीक कधी?"

"दोन महिन्यांनी, मामा."

"पुरे. सहा आठवडे पाण्याला, दोन आठवडे माझ्या भीतीला."

तेव्हापासून मी त्याचा बादलीवाला.

ते सहा आठवडे बघायला हवे होते. पेटीत आधी नुसतं पाणी भरलं आणि खाली वर्तमानपत्र पसरलं. दोन दिवस तो रोज तीन बसगाड्या बदलून यायचा आणि गुडघ्यावर बसून कागद ओला झालाय का ते बोटाने बघायचा. मग पाणी ओतून दिलं. मग मीठ आणि वाळूने काच घासली. साबण नाही. साबणाचं नाव काढलं तरी तो चवताळायचा. घरकामाच्या बाईने एकदा त्याची बादली फेसाने लख्ख धुऊन ठेवली. त्याने ती बादली तिलाच देऊन टाकली आणि नवी आणून तिच्या कडेला सुरीने खाच पाडली.

"म्हातारा वेडा आहे का हो?" बाईने मला विचारलं.

"नाही. एकाच गोष्टीच्या बाबतीत शहाणा आहे."

"मग बाकीच्या बाबतीत?"

"तिथे तो तुझ्या-माझ्यासारखाच."

सेंगाहून दगड आणले. ते नसिमा, म्हणजे मक्याच्या पिठाचा घट्ट गोळा, शिजवायच्या मोठ्या पातेल्यात अंगणात तासभर उकळले. कुंपणापलीकडून शेजारीण ओरडली, "काय शिजतंय?" येरेमिया म्हणाला, "दगड." ती म्हणाली, "मीठ घाला थोडं." त्या दिवशी तो इतका हसला की त्याला खोकल्याची उबळ आली.

नळाचं पाणी पिंपात तीन दिवस उघडं ठेवायचं, त्यातलं औषध उडून जाईपर्यंत. मग पेटीत. वाळू, दगड, दगडांत गुहा. वर काचेचं झाकण, काठोकाठ घट्ट, वरून काही पडायला नको म्हणून त्याने स्वतः कापून घेतलेलं. झाकणाला एक भोक, त्यातून पंपाची बारीक नळी आत. पंप बाजूच्या कपाटावर. वीज जाते म्हणून त्याला गाडीची बॅटरी जोडलेली. पहिल्यांदा बुडबुडे वर आले तेव्हा तो मागे सरकला आणि मोजल्यासारखा त्यांच्याकडे बघत राहिला.

आणि मग त्याने खरी गंमत केली. सुकवलेला उसिपा, बाजारात मापाने मिळतो तो बारीक मासा, मूठभर घेतला, फडक्यात बांधला आणि पाण्यात सोडला. आठवड्यात घर असं घमघमायला लागलं की काय सांगू!

"मामा, घरात मेल्याचा वास येतोय."

"येऊ दे. वास गेला की पाणी झालं."

"आलेल्या-गेलेल्यांना काय सांगू मी?"

"सांग, मामा राहायला आलाय."

"मामा!"

"ऐक, पोरी. मासा घाण करतो आणि त्याच घाणीने मरतो. ती घाण खाणारे जीव असतात, डोळ्यांना दिसत नाहीत. ते आधी वस्तीला यायला हवेत. गाव वसवायचं तर आधी झाडूवाले आणावेत, मग साहेब. लोक साहेबांना आधी आणतात आणि तीन दिवसांनी मला फोन करतात, येरेमिया, तुझे मासे उलटे का पोहतात?"

पाणी आधी गढूळ झालं. मग दुधाळ. तियामिकेचा चेहरा पडला. येरेमिया नाक लावायचा, बोट बुडवून चाखायचा, "कच्चं आहे" म्हणायचा आणि घरी निघायचा. पाचव्या आठवड्यात एका सकाळी पाणी असं निवळलं की पेटीत पाणी आहे हेच दिसेना. त्याने दोन साधे मासे, खाण्याचे, बोटभर पिल्लं, आत सोडली. दहा दिवस ती मजेत राहिली. तेव्हा कुठे ती बाहेर काढून तो म्हणाला, "पिकलं."

तो सेंगाला गेला. या वयात, त्या पायाने, स्वतः पाण्यात उतरला. खोल नाही, फ्रॅक्सन गेला त्याच खडकाच्या उथळ बाजूला. बारा मासे आणले. निळे, पाठीवर पिवळी कड. झाकणाचं पिंप मांडीवर घेऊन मिनीबसमध्ये बसला. कंडक्टर म्हणाला, "बाबा, पिंपाचं तिकीट पडेल." हा म्हणाला, "पिंपाचं कशाला, आत बारा जण आहेत, त्यांचं लाव." सगळी बस हसली. कंडक्टरने तिकीट लावलं नाही.

तासभर लावून त्याने एकेक मासा नव्या पाण्यात सोडला. त्यांनी दगडांत घरं वाटून घेतली, भांडले, एकमेकांना हुसकावलं. येरेमिया समोर खुर्ची टाकून बसला आणि मला म्हणाला, "बघ. भांडतायत. म्हणजे जगणार."

सोयरीक शनिवारी. शुक्रवारी दुपारी एनेलेसी सेंगाकडची नातलग मंडळी घेऊन येणार होती. येरेमियाला तिने ते मासे असेच, घाईगर्दीत बघितलेले नको होते. आणि इथे मी तोंड घातलं.

"झाकून ठेव," मी म्हणालो. "शनिवारी सकाळी, सगळे जमले की, पडदा वर! पाहणाऱ्याचा श्वास अडकला पाहिजे."

त्याला ती कल्पना इतकी आवडली की तो माझ्या घरून लाल मखमलीचा तुकडा मागून घेऊन गेला. आमच्या मंडळीचा जुना पडदा, बाजूने उंदरांनी खाल्लेला. त्याने पेटी पुढून आणि बाजूंनी नीट झाकली, पंप मोकळा ठेवला आणि घरात सगळ्यांना ताकीद दिली: कोणी पडदा उचलायचा नाही. शुक्रवारी दुपारी आम्ही निघालो तेव्हा बाराही मासे ठणठणीत होते. मी स्वतः मोजले.

शनिवारी सकाळी आम्ही पोचलो. येरेमियाने कोट घातला होता, कुणाच्या तरी लग्नातला, दहा वर्षांपूर्वीचा. अंगणात बायका कोंबड्या सोलत होत्या, चुलींवर पातेली चढली होती. एनेलेसी व्हरांड्यात उभी होती, नवीन कापडात, डोक्याला तेच कापड. मी तिला कितीतरी वर्षांनी बघत होतो. ती सगळ्यांना हसून सामोरी जात होती. येरेमियाला बघून हसली नाही, पण तोंडही फिरवलं नाही.

"झोप झाली का गं?" येरेमियाने विचारलं.

"झाली." मग माझ्याकडे वळून, जास्त मोकळेपणाने, "अहो नाटकवाले भाऊ, वीस माणसं झोपली रात्री या घरात, पण एकालाही डास चावला नाही. शहरात डास केवढे! संध्याकाळी मी स्वतः सगळ्या खोल्यांत औषध मारलं, दारं-खिडक्या बंद करून. पाहुण्यांना काही त्रास नको."

"छान केलंत," मी म्हणालो. खरंच म्हणालो. मला काय कळत होतं!

येरेमियाने ते ऐकलं की नाही, कुणास ठाऊक. त्याचा बहिरा कान तिच्या बाजूला होता. आणि त्याचे डोळे तर खोलीत, पडद्यावर लागलेले.

सगळे आत जमले. बोनफेस, तीन मावश्या, तियामिके हात जोडून, आणि एनेलेसी मधल्या खुर्चीवर. पंप गुणगुणत होता. झाकणाखाली बुडबुड्यांचा आवाज चालू होता. येरेमियाने मला खूण केली. पडदा ओढायचा मान त्याने मला दिला होता. मी छाती भरून घेतली आणि म्हणालो, "मायबापहो!" आणि पडदा ओढला.

बारा मासे होते. नऊ वर तरंगत होते, पोट वर करून. दोन वाळूवर आडवे. एक अजून कोपऱ्यात गोल गोल फिरत होता, एका बाजूला कलंडून, मोडलेल्या खेळण्यासारखा. पाणी स्वच्छ होतं. इतकं स्वच्छ की आत पाणी आहे हेच दिसत नव्हतं.

कुणीतरी "अयो" म्हणालं.

"पुन्हा?" एनेलेसी म्हणाली.

एवढंच.

येरेमियाने झाकण सरकवलं. बोट बुडवलं, नाकाशी नेलं. मग त्याची मान हळूहळू वळली, नळीवरून कपाटाकडे, कपाटावरच्या पंपाकडे. पंपाच्या बाजूलाच, भिंतीला लागून, डास मारायच्या औषधाचा डबा उभा होता, ठेवणाऱ्याने ठेवला तसा. बंद खोली. ती हवा पंपाने ओढली आणि पाण्यात सोडली. रात्रभर. बुडबुडे चालू होते.

मला तेव्हा कळलं. आणि त्याने बहिणीकडे बघितलं. मी आयुष्यभर दुसऱ्यांचे चेहरे वाचून पोट भरलं आहे, पण त्या नजरेत काय होतं ते मला वाचता आलं नाही.

मी तोंड उघडलं. "एनेलेसीताई, अहो काल संध्याकाळी..."

त्याचा लंगडा पाय माझ्या पायावर आला. पूर्ण भार देऊन.

"पाणी कच्चं होतं," येरेमिया म्हणाला. "माझी घाई झाली."

"सहा आठवडे घेतलेस म्हणे," बोनफेस म्हणाला. टोमणा नव्हता, त्याला खरंच समजत नव्हतं.

"सात घ्यायला हवे होते."

तियामिके रडू लागली. मावश्यांनी तिला आत नेलं. सोयरिकीच्या दिवशी मेलेलं काही बघू नये म्हणून त्या पुटपुटत होत्या. एनेलेसी उठली. तिने कापडाची गाठ सोडून पुन्हा घट्ट बांधली.

"बोनफेस, कोंबडी तू धर," ती म्हणाली. "आणि हे मागे नेऊन ओता."

आम्ही ओतलं. खाच पाडलेल्या बादलीने, बावीस बादल्या, केळीच्या बुंध्याशी. मासे त्याने एका पानात गुंडाळले. समारंभ झाला. पुढून टाळ्या ऐकू येत होत्या, बायकांच्या किलकाऱ्या, बोनफेसचा आवाज, मुलाच्या मामाचा आवाज. कोंबड्याने भर बोलण्यात बांग दिली आणि सगळे हसले. येरेमिया मागच्या पायरीवर कोट काढून बसला होता. कुणीतरी नसिमा आणि कोंबडीची तंगडी आणून दिली. त्याने मला दिली. मी खाल्ली. भूक लागली होती, खोटं कशाला सांगू?

तो डबा त्याने कपाटावरून कधी उचलला मला कळलं नाही. परत निघालो तेव्हा तो त्याच्या कोटाच्या खिशात होता. बसथांब्याजवळच्या कचऱ्यात त्याने तो टाकला.

दोघं बाकावर बसलो. मी त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला आणि म्हणालो, "तू मोठा माणूस आहेस, येरेमिया. एका शब्दात तिचा सगळा माज उतरला असता. तिलाही कळलं असतं की डोळ्यांत तेल घालूनही असं होतं. पण तू बहिणीला जपलंस."

त्याने चांगला कान माझ्याकडे केला, जणू मी काय म्हणालो ते नीट ऐकायचं होतं. मग रस्त्याकडे बघत राहिला. बस आली, थांबली, गेली. आम्ही चढलो नाही.

"जपलं?" तो म्हणाला. "सांगितलं असतं तर ती रडली असती. आणि मग मला तिची समजूत घालत बसावं लागलं असतं. बावीस वर्षांत माझी कुणी घातली?"